कुलूप उघडायला कोणाची परवानगी?

गेल्या हिवाळ्यात मी कुलपं उघडायला शिकले. किल्लीशिवाय. ट्रॉयमध्ये जानेवारीत साडेचारला अंधार पडतो, प्रयोगशाळेतली भट्टी रात्रभर आपली आपण तापत असते, आणि पोस्टडॉकला घरी वाट पाहणारं कोणी असेलच असं नाही. तेव्हा सहा महिने पुरेल असा छंद हवा होता. लोकरीचं विणकाम दोनदा सोडून झालं होतं. मग एक पारदर्शक प्लास्टिकचं सरावाचं कुलूप, तीन-चार साधी कुलपं आणि अवजारांचं एक पाकीट मागवलं.

सोलापूरला आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चोराचे धंदे शिकायला का गं पीएचडी केलीस?" हसतच म्हणाली, पण पुढच्या फोनला तिनं पुन्हा विचारलं, "ते अजून चालू आहे का?" तिच्या त्या प्रश्नातून जे काय काय निघत गेलं, ते लिहायचा हा प्रयत्न आहे.

आधी कुलूप उघडतं कसं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या अपार्टमेंटच्या दाराला बहुतेक वेळा जे कुलूप असतं त्याची आजची घडण लायनस येल ज्युनिअरची. त्यानं १८६१ आणि १८६५ साली त्याची पेटंटं घेतली. हा येल आमच्या बाजूचाच. त्याचे वडील न्यूयॉर्क राज्यातल्याच न्यूपोर्ट गावात कुलपं बनवत. आत एक फिरणारा दंडगोल असतो. त्यात पाच-सहा भोकं असतात, प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि वर स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडी नेमकी इतकी उचलली जाते की दोन पिनांमधला सांधा दंडगोलाच्या कडेवर येतो, आणि दंडगोल फिरतो.

आता किल्ली नसताना हे कसं करायचं? ती सगळी भोकं कागदावर एका रेषेत असतात, धातूत नसतात. केसाच्या जाडीहूनही कमी, पण थोडी इकडेतिकडे असतातच. त्यामुळे दंडगोलाला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच आधी अडकते. एका हातानं वाकड्या पट्टीनं पीळ धरायचा, दुसऱ्या हातातल्या बारीक आकडीनं ती अडकलेली पिन शोधून वर ढकलायची. सुईच्या टोकाएवढी 'टक' जाणवते. मग पुढची. पीळ जास्त झाला तर सगळंच जाम होतं, कमी झाला तर बसलेल्या पिना पुन्हा खाली येतात. तबल्यावर बायाच्या घिस्स्याला मनगटाचा जेवढा दाब लागतो, साधारण त्या जातीचं हे काम आहे. शब्दांत सांगून येत नाही. मी धातूंवरच काम करते, पण यंत्रकामातली तफावत ही गोष्ट बोटांना पहिल्यांदा कळली ती इथे.

पहिलं कुलूप उघडायला मला चार संध्याकाळी लागल्या. त्यानंतर आठवडाभर मी माझ्याच दाराकडे जरा वेगळ्या नजरेनं बघत होते. इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर झोपत आलो ती वस्तू एवढीच?

या छंदात नव्यानं येणाऱ्याला पहिल्याच दिवशी दोन नियम सांगतात. एक, जे कुलूप तुमचं नाही किंवा ज्याला मालकाची परवानगी नाही, त्याला हात लावायचा नाही. दोन, जे कुलूप वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही. मोडलं तर आपण बाहेर. दुसरा नियम व्यवहाराचा आहे. पहिला नीतीचा आहे, आणि मला तो आवडला. दार अडवतं ते पितळ नाही, समोरच्याचा 'इथून पुढे नको' हा शब्द अडवतो, हे त्यात गृहीत आहे. शनिशिंगणापूरला घरांना कुलपं लावत नाहीत हे आपण सगळेच ऐकून आहोत. २०११ साली युको बँकेनं तिथे शाखा काढली तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. ज्यांच्या दाराला कुलूप आहे त्यांचंही खरं संरक्षण बरंचसं त्याच जातीचं आहे. तिथे भीती देवाची, इथे लाज शेजाऱ्यांची. पन्नास डॉलरचं कुलूप हे बहुतांशी एक विनंतीपत्र आहे.

तर मग आईच्या प्रश्नाचं उत्तर सोपं झालं? मी फक्त स्वतःची कुलपं उघडते, विषय संपला? तसं वाटलं होतं खरं.

आधी ज्ञानाचाच प्रश्न घेऊ. कुलपाची कमजोरी उघड सांगावी की झाकून ठेवावी, यावरचा गाजलेला वाद १८५१ चा. लंडनच्या जागतिक प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन आला. त्या वेळी चब कंपनीचं 'डिटेक्टर' कुलूप अभेद्य मानत. कोणी चुकीचं खुडबुड केलं तर ते जाम व्हायचं, म्हणजे मालकाला कळायचं की कोणीतरी येऊन गेलं. हॉब्जनं ते साक्षीदारांसमोर पंचवीस मिनिटांत उघडलं. आणि नंतर पुन्हा बंदही करून दाखवलं. मग तो वळला ब्रामाच्या कुलपाकडे. पिकॅडिलीतल्या त्या दुकानाच्या खिडकीत अनेक दशकं पाटी होती की हे कुलूप उघडेल त्याला दोनशे गिनी. हॉब्जनं सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास घेतले आणि उघडलं. कुरकुर करत का होईना, कंपनीनं पैसे दिले.

इंग्लंडात खळबळ माजली. अशा गोष्टी चारचौघांत दाखवाव्यात का, अशी विचारणा झाली. हॉब्जच्या बाजूचं उत्तर असं की चोर आपल्या धंद्यात आपल्यापेक्षा हुशार असतात, त्यांना हे आधीच ठाऊक असतं. अंधारात राहतो तो फक्त गिऱ्हाईक. आज कॉम्प्युटर सुरक्षेत काम करणारे आपले निम्मे मित्र हेच वाक्य थोड्या फरकानं म्हणतात. (हॉब्ज स्वतः एका अमेरिकन कंपनीचं कुलूप विकायला आला होता, हे मात्र ते सांगत नाहीत. त्या कुलपाचाही नंतर निकाल लागला, आणि तो लावला वर सांगितलेल्या येलनंच.)

मला हे उत्तर अर्धंच पटतं. मुरलेल्या चोराला ठाऊक असतं हे खरं, पण नवशिक्याला नसतं. २००३ साली मॅट ब्लेझ या संशोधकानं दाखवलं की ज्या इमारतीत एक मास्टर किल्ली सगळी दारं उघडते, तिथल्या एका साध्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस, थोडे कोरे किल्लीचे तुकडे आणि थोडा धीर यांच्या जोरावर मास्टर किल्ली बनवू शकतो. विद्यापीठं, ऑफिसं, वसतिगृहं, सगळीकडे हीच पद्धत. कुलूपवाले चिडले. त्यांचं म्हणणं, हे आम्हाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, पण आम्ही ते बोलत नाही. यात दोन्ही बाजूंचा काहीतरी मुद्दा आहे. सॉफ्टवेअरमधलं भोक रात्रीत बुजवता येतं, लाखो दारांमधलं पितळ बदलता येत नाही. म्हणजे सांगण्याची किंमत कुलूपवाला नव्हे, त्या वसतिगृहात एकटी झोपणारी मुलगी मोजते. पण न सांगण्याची किंमतही तीच मोजते, फक्त तिला ते कळत नाही. या दोहोंत मी दुसऱ्या किमतीला जास्त घाबरते. आपल्या दारावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवण्याचा हक्क त्या दारामागे झोपणाऱ्याचा आहे, आणि माहिती दिल्याशिवाय तो हक्क बजावता येत नाही. तेव्हा ज्ञानाच्या बाजूनं माझं मत आहे.

पण आईच्या प्रश्नातला खरा शब्द 'ज्ञान' नव्हताच. तो होता 'चोराचे'.

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात घरफोडीची हत्यारं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, पण परिस्थितीवरून वापरण्याचा हेतू दिसायला हवा. नुसतं पाकीट खिशात असणं पुरत नाही. व्हर्जिनियात उलटं: जवळ असणं हाच हेतूचा प्राथमिक पुरावा. आणि आपल्याकडच्या पोलीस कायद्यातलं, मूळच्या १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातलं, १२२ वं कलम सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत योग्य कारणाशिवाय घरफोडीचं हत्यार जवळ बाळगणाऱ्याला धरतं. योग्य कारण. मला हा शब्दप्रयोग फार बोलका वाटतो. माझ्याकडे योग्य कारण आहे: विद्यापीठाचं ओळखपत्र, 'छंद आहे' हे इंग्रजी वाक्य, आणि ते वाक्य ज्या आवाजात म्हणायचं तो आवाज. ही अवजारं पकडण्याआधीच माझ्या हाताचं चारित्र्य प्रमाणपत्र तयार असतं.

सोलापुरात मी लहान असताना 'सेटलमेंट' हे एका भागाचं नाव होतं, जसं सात रस्ता किंवा बाळीवेस. रिक्षावाल्याला सांगायचं नाव. तिथे एके काळी तारेच्या कुंपणात माणसं ठेवलेली होती हे मला कॉलेजात कळलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला आणि पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमातींतलं मूल जन्मतःच संशयित ठरलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. १९५२ साली कायदा गेला. तारा निघाल्या, नजर किती निघाली ते लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलेल्यांना सांगायला नको. त्या पुस्तकात पोरांना हातचलाखीचं शिक्षण कसं देत तेही आहे, आणि ज्यानं काहीच केलेलं नाही त्यालाही पोलीस कसं उचलत तेही.

आता माझं पाकीट त्या हातात ठेवून पाहा. तीच वाकडी पट्टी, तीच आकडी, तीच बोटांची समज. पुण्यात रात्री दहाला एखाद्या पारधी तरुणाच्या खिशात ती सापडली तर 'मला यंत्रकामातल्या तफावतीचं कुतूहल आहे' हे कारण योग्य ठरेल? मी ज्याला छंद म्हणते तो बऱ्याच अंशी मला मिळालेला परवाना आहे. तो कोणी दिला याचा कागद कुठे नाही, म्हणून तो दिसत नाही एवढंच.

आपल्या परंपरेत याचा एक मजेदार आणि अस्वस्थ करणारा नमुना आहे: 'मृच्छकटिका'तला शर्विलक. देवलांच्या 'संगीत मृच्छकटिक'मुळे तो मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा. ब्राह्मण, शिकलेला, आणि घरफोडीला शास्त्र मानणारा. भिंत कुठे ओली असेल, भगदाड कोणत्या आकाराचं पाडावं, याचा तो विचार करतो. मोजायची दोरी विसरल्यावर जानव्यानं मोजतो, आणि या जानव्याचे आपल्यासारख्यांना किती उपयोग, कड्या काढायलाही, असं वर सांगतो. चारुदत्त सकाळी उठून ते भगदाड पाहतो तर आधी त्याच्या कारागिरीचं कौतुक करतो! प्रेक्षक हसतात. तेच भगदाड दुसऱ्या जातीच्या हातानं पाडलं असतं तर ते शास्त्र झालं असतं का आणि आपण हसलो असतो का, हा प्रश्न मला शाळेत कोणी विचारला नाही.

शर्विलकाचं कारण मात्र चोराचं नाही. त्याला मदनिकेला दास्यातून सोडवायचं आहे, त्यासाठी पैसे हवेत. आणि इथेच छंदाचा पहिला नियम डगमगायला लागतो. 'मालकाची परवानगी' असं आपण म्हणतो. पण मालकी ज्या गोष्टीवर सांगितली जाते ती गोष्ट माणूस असेल तर?

या प्रश्नासाठी मला सोलापूर किंवा उज्जयिनीला जावं लागलं नाही. ट्रॉयच्या डाउनटाउनमध्ये फर्स्ट आणि स्टेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक पाटी आहे. बसच्या वाटेवर असल्यामुळे मी ती शंभरदा तरी न वाचता ओलांडली असेल. २७ एप्रिल १८६० रोजी चार्ल्स नॉल या माणसाला इथे पकडून आणलं. तो व्हर्जिनियातल्या गुलामीतून पळून आला होता आणि ट्रॉयमध्ये एका उद्योजकाकडे गाडीवान होता. १८५० च्या कायद्यानुसार पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी मालकाला परत द्यायचा. बेड्या कायदेशीर होत्या, किल्ली कायदेशीर हातात होती, परवानगी पाहिजे तर मालकाची होती आणि ती अर्थातच नव्हती. त्या दिवशी हॅरिएट टबमन योगायोगानं गावात होती. म्हातारीसारखी वाकून ती त्या कचेरीत शिरली, खाली गर्दी जमली, आणि नॉलला बाहेर आणताच तिनं त्याला धरलं ते सोडलंच नाही. गर्दीनं त्याला ओढून काढलं, हडसन ओलांडून पलीकडे वेस्ट ट्रॉयला नेलं. तिथे तो पुन्हा पकडला गेला. लोक नदी ओलांडून मागोमाग आले, जिथे त्याला कोंडलं होतं त्या दारावर चालून गेले आणि त्याला दुसऱ्यांदा सोडवलं. पुढे ट्रॉयच्या लोकांनी साडेसहाशे डॉलर जमवून त्याचं स्वातंत्र्य कायद्यानंही विकत घेतलं.

शर्विलक आणि ही गर्दी दोघंही बेकायदेशीर, दोघांचंही कारण कोणाला तरी सोडवण्याचं. तरी मला दोन्ही सारखे वाटत नाहीत. शर्विलकानं जे फोडलं ते मदनिकेला कोंडणारं कुलूप नव्हतं. त्यानं एका तिसऱ्याच, निर्धन झालेल्या माणसाची भिंत फोडली, आणि त्याची भरपाई करायला चारुदत्ताच्या बायकोला, धूतेला, आपली रत्नांची माळ काढून द्यावी लागली. नाटकात तिचं दुःख दोन वाक्यांत उरकतं. ट्रॉयच्या लोकांनी मात्र तेच दार फोडलं ज्याच्या आत तो माणूस होता, आणि ज्याला विचारायला हवं होतं त्याला विचारूनच. त्याला. मालकाला नव्हे.

म्हणून पहिला नियम मी स्वतःपुरता जरा बदलून घेतला आहे. कुलपामागे वस्तू असेल तर वस्तूच्या मालकाची परवानगी. कुलपामागे माणूस असेल तर त्या माणसाची. हे गुलामीच्या काळाचंच आहे असं समजायचं कारण नाही. लग्न होऊन इकडे आलेल्या एखाद्या मुलीचा पासपोर्ट आणि व्हिसाची कागदं 'सुरक्षित राहावीत' म्हणून कपाटात बंद, आणि कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात: अशा गोष्टी आपल्या गणेशोत्सवांत, स्वयंपाकघरात पुऱ्या लाटताना, दबक्या आवाजात ऐकू येतात. कपाट त्याचं, कुलूप त्याचं, घराचा करारही त्याच्या नावावर. पण आत जे कोंडलंय ते कागद आहेत की ती आहे? कोणी अशीनं मला विचारलं तर मी आधी वकिलाचा आणि मदत संस्थेचा नंबर देईन, कारण कपाट उघडल्यानंतरची रात्र कुलपापेक्षा धोक्याची असते. आणि मग, तिनं सांगितलं तर, पाकीट घेऊन जाईन.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे: असा अपवाद ठेवला की प्रत्येक जण आपलं कारण उदात्त आहे म्हणून आकडी काढणार. खरं आहे. शर्विलकही तेच म्हणत होता. म्हणूनच मी विचारते की नेमकं कोणतं कुलूप उघडलं जातंय आणि धूतेची माळ कोणाच्या गळ्यातून जातेय. या दोन प्रश्नांनी बहुतेक उदात्त कारणं गळून पडतात. काही उरतात.

मार्चमध्ये इथल्याच एका मैत्रिणीचा चौदा वर्षांचा मुलगा माझ्याकडे शिकायला यायला लागला. पोरगा हुशार, हात हलका, मला चार संध्याकाळी लागलेलं कुलूप त्यानं दीड तासात उघडलं आणि "मावशी, झालं!" म्हणून ओरडला. त्याची आई दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अगं, तो ते शाळेत न्यायचं म्हणतोय, मित्रांना दाखवायला. नेऊ देऊ का?" मी नको म्हटलं. मग तो स्वतःच आला विचारायला. बेकायदेशीर आहे का? नाही, म्हटलं. वर्गातला जेक त्याचा सेट आणतो, त्याला कोणी काही बोलत नाही. माहीत आहे, म्हटलं. मग मी का नाही?

मी त्याला जेवायला बसवलं आणि वर लिहिलंय त्यातलं बरंचसं सांगितलं. सेटलमेंटचं, कलमातल्या योग्य कारणाचं, फर्स्ट स्ट्रीटवरच्या पाटीचं. शर्विलकाला तो हसला. बाकीचं त्याला आवडलं नाही, आणि त्यानं ते लपवलंही नाही. "म्हणजे नियम बरोबर नाहीये, तरी मी पाळायचा," तो म्हणाला. मी म्हटलं, शाळेच्या बाबतीत, सध्या, हो. त्याच्या चेहऱ्यावर पटल्याचं चिन्ह नव्हतं. तो दर शनिवारी येतो. आता त्याचं सहा पिनांचं कुलूप चालू आहे, त्यातल्या दोन पिना फसव्या आहेत, आणि त्याचं पाकीट माझ्याकडे ड्रॉवरमध्ये राहतं.